अडीच विती

सकाळी समर्थ मंदिरापासून पोवई नाक्यापर्यंत
पायडल मारावंच लागत नाही.
सायकल आपली घरंगळते,
ब्रेकच्या रबरांना तेवढं काम.
म्हणून घरून निघताना उचललेल्या पिशवीवर
माझा विश्वास नसतो.
सकाळी साताऱ्यात सगळंच हलकं असतं.

वजन कळतं सहानंतर,
एमआयडीसीतून परत येताना,
नाका ओलांडला की.

पहिली पिशवी पुतण्याची होती,
डोंगरात नेण्यातली, सतरा कप्प्यांची.
म्हटलं, जागा आहे तर असू दे.
जागेला भूक असते हे तेव्हा ठाऊक नव्हतं.
आधी छत्री आली. छत्री असताना रेनकोट आला.
मग स्टोअरमधली कुंदा खामकर म्हणाली,
येतेसच तर मोती चौकातून
सासूबाईंसाठी पाव किलो कंदी पेढे आण.
मग घरी बघू म्हणून घेतलेल्या फायली,
ज्यांनी आमचं घर फक्त बाहेरून पाहिलं.
एकदा तर आठवडाभर एक नारळ
मी वर नेला, खाली आणला,
कुणी दिला, कशाबद्दल, काही केल्या आठवेना.
शनिवारी फोडून चटणी केली.

दुसरी घेतली ती रागाने, वहीएवढी.
तिच्यात डबा आडवा बसेना.
उभा कोंबला, तर आमटी
जूनच्या पगारपत्रकावर उतरली.
भोइटेसाहेबांनी कागद नाकाशी नेला,
म्हणाले, चिंचगुळाची दिसते.
आणि सही केली.

तिसऱ्या वेळी दुकानातल्या पोराने विचारलं,
किती लिटरची दाखवू?
लिटर म्हणजे दूध. लिटर म्हणजे गोडेतेल.
कोरड्या पिशवीत मी काय ओतू रे, बाळा?
वीस, म्हणाला तो. नाहीतर तीस.
मी दोन्हीत हात घालून बघितला.
कोपरापर्यंत गेला, तळ लागला नाही.

राधिका रोडला इलाही शिकलगार बसतात,
सीटकव्हरं शिवतात, तंबूही शिवतात.
ते म्हणाले, ओता इथं.
मशीनच्या फळीवर माझा अख्खा आठवडा सांडला.
कंगवा, चार्जर, मळलेला रुमाल,
बिल भरल्याच्या पावत्या, गोळ्यांचं रिकामं पाकीट,
पंक्चरचं सामान.

हे कधी लागलं?
आठ महिन्यांत एकदाच, मी म्हटलं, आणि स्वतःच बाजूला सारलं.
त्यांनी ते परत अलीकडे ओढलं.
हे ऱ्हाऊ द्या. छत्री काढा.

मग डबा उचलला, हलवला, उघडून बघितला.
चमचे दोन कशाला?

मार्चमध्ये कुंदाची बदली झाली, शिरवळला.
दुपारी एका डब्यात जेवायचो आम्ही,
तिची भाकरी, माझी भाजी.
हे मी त्यांना सांगितलं नाही.
रस्त्यावर एक टेम्पो मागे मागे येत होता,
त्याच्याकडे बघत राहिले.
त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.
झाकण लावलं,
आणि अंगठा टेकवून करंगळी ताणली, एकदा, दोनदा,
तिसऱ्यांदा अर्ध्यावर थांबले.
अडीच, म्हणाले. पाठीला नको. कॅरिअरला बांधा.
घोड्यावर बसून ओझं आपल्या डोक्यावर कशाला?

निळ्या ताडपत्रीची आहे. रंग मी निवडला नाही,
तंबूचं उरलेलं कापड होतं.
पेढे कुणी सांगितले तर
जागा नाही म्हणते, आणि खोटं बोलत नाही.
पाठ मोकळी, तिच्यावर वारा लागतो.

चढ मात्र तेवढाच आहे.
पूर्वी पिठाच्या गिरणीशी उतरायचे,
आता तीन घरं पुढे जाऊन उतरते.
बाकीचा अजून
उतरूनच चढते.
हँडल धरून चालताना, खड्ड्यात चाक गेलं
की मागे डब्यात चमचे वाजतात.

एकच असता
तर इतका वाजला नसता.